इंडोमेथॅसिनच्या नॅनोकॅप्सूल: पॉलिमरची भिंत नेमकं काय अडवते?

१९८९ साली पॅरिसजवळच्या शातने-मालाब्री इथल्या औषधनिर्माणशास्त्र विद्याशाखेतून जेमतेम चार पानांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लेखक होते हातेम फेसी, प्युइझ्यो, देव्हिसागे, अमूरी आणि जेरुसलेमचे सायमन बेनिता. पॉलिमर, तेल आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवा, ते द्रावण हलत्या पाण्यात ओता, आणि मग ॲसिटोन उडवून टाका, इतकीच त्यातली कृती. भांड्यात उरतं ते निळसर झाक असलेलं दुधी पाणी. त्यात काहीशे नॅनोमीटर व्यासाचे तेलाचे थेंब असतात आणि प्रत्येक थेंबाभोवती पॉलिमरचं पातळ कवच असतं. याच नॅनोकॅप्सूल. अल्ट्रासाउंड लागत नाही, उच्च दाबाचं होमोजिनायझर लागत नाही, रासायनिक अभिक्रियाही घडवावी लागत नाही.

आज महाराष्ट्रातल्या फार्मसी महाविद्यालयांतही एम.फार्म.च्या प्रकल्पांसाठी हीच कृती वापरतात. औषध बदलतं, कधी करक्युमिन असतं, कधी एखादं सुगंधी तेल. अहवालातलं चित्र मात्र ठरलेलं असतं: मधे पिवळं तेल, भोवती जाड कडं, आणि कड्यातून हळूहळू बाहेर पडणारे औषधाचे ठिपके. हे चित्र कितपत खरं आहे ते तपासायला इंडोमेथॅसिन या सांधेदुखीवरच्या औषधासारखं दुसरं प्रकरण नाही. पॅरिस, जेरुसलेम, स्पेनमधलं सांतियागो आणि ब्राझीलमधलं पोर्तो आलेग्रे इथल्या गटांनी वीस वर्षं हेच औषध आणि जवळपास हीच कृती घेऊन एकामागून एक प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं एकत्र वाचली की कड्याची जाडी आणि त्याचं काम, दोन्हींबद्दलची समजूत बदलते.

औषध आणि त्याची अडचण

इंडोमेथॅसिन १९६० च्या दशकात मर्क कंपनीतून आलं. सांधेदुखी आणि गाउटवर ते चांगलंच गुणकारी आहे, पण जठर आणि आतड्याच्या अस्तराला इजा करतं. त्याचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला निम्मे रेणू आयनरूपात जातात तो आकडा, ४.५ च्या आसपास आहे. म्हणजे आम्लात ते पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात मात्र बऱ्यापैकी विरघळतं. रक्ताच्या पीएचला त्याचे बहुतेक रेणू आयनरूपात जातात आणि त्यांना पाणी मानवू लागतं. हा गुणधर्म लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचं सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

तेलाचा थेंब आणि त्याला पॉलिमरचं कवच ही कल्पना १९८९ ची नव्हे. १९८६ मध्ये याच फ्रेंच वर्तुळातून आयसोब्युटिल सायनोॲक्रिलेटच्या नॅनोकॅप्सूल प्रसिद्ध झाल्या होत्या. तेल आणि मोनोमर अल्कोहोलमध्ये मिसळून पाण्यात सोडले की पाण्याशी गाठ पडताच मोनोमरचं पॉलिमर होतं आणि थेंबाभोवती कवच बसतं. घरातल्या फेव्हिक्विकचं रसायन याच कुळातलं. पद्धत देखणी होती, पण एवढा क्रियाशील मोनोमर औषधाच्या रेणूशीही अभिक्रिया करू शकतो आणि न जुळलेला मोनोमर मागे राहू शकतो. फेसी आणि सहकाऱ्यांनी आधीच तयार असलेलं, शरीरात विघटित होणारं पॉलिलॅक्टाइड घेतलं आणि ही अडचण मुळातच काढून टाकली. माझ्या मते त्या चार पानांचं खरं मोल इथे आहे.

कृती

पोर्तो आलेग्रेच्या गटाने पुढे रूढ केलेलं प्रमाण सांगतो, कारण त्याच्यावर हिशेब करता येतो. ॲसिटोन २७ मिलि. त्यात पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, १०० मिलिग्रॅम, तेल ०.३३ मिलि, सॉर्बिटन मोनोस्टिअरेट सुमारे ७७ मिलिग्रॅम, औषध १० मिलिग्रॅम. दुसऱ्या भांड्यात ५३ मिलि पाणी आणि ७७ मिलिग्रॅम पॉलिसॉर्बेट ८०. सेंद्रिय द्रावण पाण्यात सोडायचं, दहा मिनिटं ढवळायचं, मग कमी दाबाखाली ॲसिटोन आणि बरंचसं पाणी उडवून एकूण १० मिलिपर्यंत आणायचं. हाती येतं १ मिलिग्रॅम प्रति मिलि औषध असलेलं निलंबन, म्हणजे पाण्यात विखुरलेल्या कणांचं मिश्रण, कणांचा व्यास साधारण २०० ते ३०० नॅनोमीटर.

ओतताक्षणी जे घडतं ते घराघरात दिसतं. डेटॉल पाण्यात टाकलं की ढवळण्याआधीच पाणी दुधी होतं, कारण अल्कोहोलच्या आधाराने विरघळलेलं तेल पाणी वाढताच निराधार होतं आणि असंख्य बारीक थेंबांत फुटतं. इथे अल्कोहोलच्या जागी ॲसिटोन आहे. ते पाण्यात पसरतं, तेलाची विद्राव्यता एकदम कोसळते, थेंब जन्माला येतात. पॉलिमरलाही आता जागा उरत नाही. पाणी त्याला सामावत नाही आणि तेलही सामावत नसेल तर तो दोघांच्या सीमेवर जाऊन बसतो. या वाक्यातला ‘तेलही सामावत नसेल तर’ हा भाग कृती लिहिताना बहुतेक वेळा गळून जातो.

थेंबांचा आकार ढवळण्याच्या वेगापेक्षा तेल, ॲसिटोन आणि पाणी यांच्या प्रमाणावर जास्त ठरतो. तेल वाढवत नेलं की एका मर्यादेनंतर थेंब मोठे होतात आणि वर तवंग धरतात. म्हणून सुरुवातीला सगळं पातळ ठेवावं लागतं, आणि १० मिलि मालासाठी ८० मिलि द्रव हाताळावा लागतो. प्रयोगशाळेत रोटाव्हेपरवर, म्हणजे कमी दाबाखाली द्रव उडवणाऱ्या यंत्रावर, हे सहज होतं. कारखान्यात याचा अर्थ पेट घेणारं ॲसिटोन मोठ्या प्रमाणात उडवणं आणि परत गोळा करणं असा होतो. औषधात उरलेल्या ॲसिटोनची मान्य मर्यादा ५००० पीपीएम आहे. ती पाळणं अवघड नाही, पण खर्च त्या टप्प्यातच होतो.

भिंत किती जाड?

कागद-पेन्सिल घेतली तर याचं उत्तर मिळतं. १०० मिलिग्रॅम पीसीएलचं आकारमान साधारण ०.०८७ मिलि. सगळं पॉलिमर कवचातच गेलं असं धरू. तेल ०.३३ मिलि, म्हणून एकूण ०.४१७ मिलि. बाहेरच्या आणि आतल्या गोलाच्या आकारमानांचं गुणोत्तर १.२६, त्रिज्यांचं १.०८. व्यास २५० नॅनोमीटर असेल तर भिंत सुमारे ९ नॅनोमीटरची. सर्फॅक्टंट (थेंबांना एकमेकांत मिसळू न देणारे पदार्थ, इथे सॉर्बिटन मोनोस्टिअरेट आणि पॉलिसॉर्बेट ८०) आणि औषध हिशेबात घेतलेलं नाही, पण अंदाजाला एवढं पुरतं.

याच हिशेबातून आणखी दोन आकडे निघतात. दर मिलिलिटरमध्ये सुमारे ५ लाख कोटी कॅप्सूल आहेत, आणि १० मिलि निलंबनातल्या सगळ्या कॅप्सूलचा मिळून पृष्ठभाग सुमारे १० चौरस मीटर भरतो, एका छोट्या खोलीच्या जमिनीएवढा.

आता औषधाचा रेणू ९ नॅनोमीटरची भिंत ओलांडायला किती वेळ घेईल? रेणूच्या विसरणाचा, म्हणजे आपोआप पसरत जाण्याचा, वेळ अंतराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. मध्यम घट्ट तेलात अशा रेणूचा विसरणांक १०⁻¹¹ चौरस मीटर प्रति सेकंद धरला तर थेंबाच्या मध्यापासून कडेला यायला मिलिसेकंद लागतात. भिंतीत तो याच्या एक लाखपट मंद झाला असं मानलं तरी १० नॅनोमीटर ओलांडायला सेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. त्यात पीसीएलचं काचसंक्रमण तापमान, ज्याच्या खाली पॉलिमर काचेसारखं कडक होतं ते, उणे ६० अंश सेल्सिअसच्या जवळ आहे, म्हणजे सामान्य तापमानाला त्याचा अस्फटिक भाग मऊच असतो. बारा तास औषध धरून ठेवण्याचं काम इतक्या पातळ आणि मऊ भिंतीला एकटीला जमणारं नाही.

मग ९९ टक्के कसले?

सगळ्यात मोठी गफलत इथे होते. बंदिस्त औषधाची टक्केवारी मोजायची रूढ पद्धत अशी: निलंबन बारीक छिद्रांच्या पडद्यातून सेंट्रिफ्यूजने गाळायचं आणि खाली आलेल्या स्वच्छ पाण्यात औषध किती ते पाहायचं. खाली औषध सापडत नाही, म्हणून ९९ टक्के बंदिस्त.

हे ९९ टक्के बाटलीतल्या समतोलाबद्दल सांगतात. इंडोमेथॅसिनचं आयनरहित रूप तेलासारख्या द्रवाला पाण्याच्या सुमारे २०,००० पट पसंती देतं. हा आकडा ऑक्टॅनॉलमधला, म्हणजे अशा मापनात तेलाच्या जागी वापरतात त्या अल्कोहोलमधला आहे, तो इथे अंदाजापुरता घेतो. निलंबनात तेलाचा वाटा ०.०३३. पीएच ४.५ ला निम्मे रेणू आयनरूपात असतात, म्हणून पसंती १०,००० पट धरायची. ०.०३३ ने गुणलं की ३३० येतात, म्हणजे पाण्यात राहणारं औषध ०.३ टक्के. भिंत नसती तरी आकडा हाच आला असता, कारण या हिशेबात भिंत कुठेच येत नाही.

आता पीएच ७.४ घ्या. आयनरूप आयनरहित रूपाच्या जवळपास ८०० पट होतं, आणि तेलाची पसंती उतरून २५ पटींवर येते. विरळ न करताच निम्म्याहून जास्त औषध पाण्यात जाऊ पाहतं. शंभरपट विरळ केलं तर ९९ टक्के बाहेर. रक्तात किंवा आतड्यात कॅप्सूलचं विरळ होणं याहून कितीतरी जास्त असतं, आणि रक्तात अल्ब्युमिन हे प्रथिनही औषधाला ओढत असतं.

याच मापनात दुसरा खड्डा आहे, आणि तो पोर्तो आलेग्रेच्या सिल्व्हिया गुटेरेस आणि आद्रियाना पोल्मान यांच्या गटाने २००८ मध्ये नेमका दाखवला. तेलात मावतं त्यापेक्षा जास्त औषध घातलं तर उरलेलं औषध पाण्यात विरघळत नाही. ते कॅप्सूलच्या शेजारी स्वतःचे नॅनोस्फटिक बनवतं. तेही गाळणीच्या पडद्यावरच अडकतात, त्यामुळे खालचं पाणी स्वच्छच राहतं आणि टक्केवारी उत्तम येते. काही आठवड्यांत स्फटिक एकत्र येतात, तळाशी बसतात, आणि निलंबनातलं औषध घटू लागतं. त्या गटाने प्रकाश-प्रकीर्णन आणि औषधाचं प्रमाण यांची सांगड घालून अशा स्फटिकांची उपस्थिती ओळखायची वाट काढली. नव्या बाटलीतली टक्केवारी पाहून औषध आत आहे असं मानणाऱ्या प्रत्येकाने हे काम नजरेखालून घालावं.

सुटण्याचा वेग मोजताना

औषधाचे सुटे रेणू जाऊ देणाऱ्या पण कण अडवणाऱ्या डायलिसिसच्या पिशवीत निलंबन भरायचं, पिशवी बफरमध्ये सोडायची आणि तासातासाला बाहेरचं द्रावण तपासायचं, ही पद्धत अजून सर्रास चालते. आलेख सुंदर येतो, आठ-दहा तास हळूहळू चढत जातो. १९९० मध्ये लेव्ही आणि बेनिता यांनी इमल्शनच्या, म्हणजे कवच नसलेल्या तेलाच्या थेंबांच्या संदर्भात यातली चूक दाखवली. पिशवीच्या आत निलंबन विरळ होतच नाही, त्यामुळे औषधाला तेल सोडण्याचं कारण मिळत नाही. आलेखात जो वेग दिसतो त्यात पिशवीच्या पडद्यातून औषध झिरपण्याचा वेग मिसळलेला असतो. त्यांनी मांडणी उलटी केली: निलंबन मोठ्या बफरमध्ये मोकळं सोडायचं आणि आत फक्त बफर असलेल्या पिशव्या त्यात बुडवून ठेवायच्या. आता विरळीकरण खरंखुरं होतं आणि औषध किती सुटलं ते पिशवीच्या आत मोजता येतं.

डोळ्यावरची तुलना

१९९६ मध्ये सांतियागो दे कोम्पोस्तेला इथल्या कॅल्व्हो, व्हिला-हातो आणि अलोन्सो यांनी या प्रकरणातला सगळ्यात स्वच्छ प्रयोग केला. इंडोमेथॅसिनची तीन रूपं शेजारीशेजारी ठेवली: पीसीएलचे भरीव नॅनोकण, तेल आणि कवच असलेल्या नॅनोकॅप्सूल, आणि कवच नसलेलं नॅनोइमल्शन. सशाच्या वेगळ्या काढलेल्या कॉर्नियातून, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून, औषध किती आत जातं ते मोजलं. बाजारातल्या डोळ्यांत घालायच्या थेंबांपेक्षा तिन्हींनी तिपटीहून जास्त औषध आत नेलं, आणि तिन्हींचं काम साधारण सारखं होतं. म्हणजे फायदा खरा होता, पण त्याचं श्रेय कणांच्या सूक्ष्म आकाराला जात होतं. कवच आहे की नाही याने फरक पडत नव्हता.

इथे कवचावर अन्याय होऊ नये म्हणून १९९१ चं उंदरांवरचं कामही सांगायला हवं. अमूरी आणि सहकाऱ्यांनी आतड्यात दिलेल्या इंडोमेथॅसिनच्या नॅनोकॅप्सूलमुळे तिथले व्रण कमी होतात असं दाखवलं होतं. औषध अस्तराशी कोणत्या रूपात आणि किती एकवटून भिडतं हे बदलणं, एवढ्यानेही रुग्णाचा त्रास कमी होऊ शकतो. त्यासाठी औषध तासन्‌तास धरून ठेवायची गरज नाही.

तेलच भिंत विरघळवत असेल तर

गुटेरेस आधी पॅरिसच्याच गटासोबत होत्या. डायक्लोफेनॅकच्या नॅनोकॅप्सूलवरचं १९९५ चं काम त्यांनी एकत्र केलं होतं. ब्राझीलमध्ये त्यांच्या गटाने या निलंबनांची कोरडी भुकटी करायला घेतली, कारण पाण्यात पीसीएलसारख्या पॉलिएस्टरचं हळूहळू विघटन होतं आणि जंतूही वाढतात. निलंबनात कोलॉइडल सिलिका मिसळून स्प्रे-ड्रायरमधून, म्हणजे गरम हवेत फवारून वाळवणाऱ्या यंत्रातून काढायचं, अशी ती पद्धत.

सुरुवातीच्या काळात बेंझिल बेंझोएट हे नॅनोकॅप्सूलसाठी आवडतं तेल होतं. आपल्याकडे ते खरजेवरचं औषध म्हणून माहीत आहे. इंडोमेथॅसिन त्यात चांगलं विरघळतं, म्हणून निवड स्वाभाविक होती. २००० साली प्रसिद्ध केलेल्या कामात गुटेरेस आणि सहकाऱ्यांनी त्याची तुलना मिग्लिओल ८१० शी केली. हे मध्यम लांबीच्या मेदाम्लांचं ट्रायग्लिसराइड, त्याचा कच्चा माल म्हणजे खोबरेल किंवा पामबियांचं तेल. वाळवल्यावर दोन्हींचं वागणं वेगळं निघालं आणि कारण अगदी साधं होतं. बेंझिल बेंझोएट पीसीएलला विरघळवतं, मिग्लिओल विरघळवत नाही. पॉलिमर तेलातच विरघळत असेल तर सीमेवर वेगळी भिंत उभी राहण्याचा आधारच जातो. द्रव निलंबनात मात्र दोन्ही नमुने सारखेच दुधी आणि सारख्याच व्यासाचे दिसू शकतात, व्यास मोजून हा फरक कळत नाही.

हे तपासायला महागडं उपकरण लागत नाही. पॉलिमरची पातळ फिल्म निवडलेल्या तेलात बुडवून ठेवायची आणि काही दिवस वजन पाहायचं. फिल्म फुगली किंवा विरघळली तर ते तेल त्या पॉलिमरसाठी नको. सुगंधी तेलं कोंडू पाहणाऱ्यांनी तर ही चाचणी सगळ्यात आधी करावी, कारण त्यांतले लहान रेणू अनेक पॉलिमरना मऊ करतात.

भिंत आपलं काम कुठे दाखवते

भिंत काहीच करत नाही असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला असता, आणि पोर्तो आलेग्रेच्या गटाने तो काढला नाही. त्यांनी इंडोमेथॅसिनचा इथिल एस्टर, म्हणजे त्याचा आम्लगट झाकलेलं रूप, घेतला. एस्टरला आयनरूप नाही, म्हणून पीएच वाढला तरी तो तेल सोडून पाण्याकडे धावत नाही. निलंबनात अल्कली घालायची आणि औषधाचं जलविघटन किती वेगाने होतं ते पाहायचं, अशी २००६ च्या कामातली मांडणी. अल्कली पाण्यात असते, त्यामुळे रेणू सीमेवर येईल तेव्हाच तुटेल. या मांडणीत डायलिसिसचा पडदाच नाही, म्हणून मोजला जाणारा वेग कणाचाच असतो. इंडोमेथॅसिन काही मिनिटांतच संपलं, वाहक कोणताही असो. एस्टरला तास लागले, आणि कवच असलेल्या नॅनोकॅप्सूलमध्ये तो कवच नसलेल्या इमल्शनपेक्षा जास्त टिकला.

म्हणजे भिंत औषधाला थोपवते, पण तिचा परिणाम दिसायला औषध मुळात तेलात राहू इच्छिणारं असावं लागतं. ‘तेलात विरघळणारं’ आणि ‘पाण्याकडे न जाणारं’ हे दोन गुण आपण एकच समजून चालतो. इंडोमेथॅसिनमध्ये पहिला आहे, शरीराच्या पीएचला दुसरा नाही. ई जीवनसत्त्वाच्या ॲसिटेटमध्ये दोन्ही आहेत, म्हणून ते कॅप्सूलमध्ये विनातक्रार राहतं.

२००९ मध्ये याच गटाने आतल्या गाभ्याकडे मोर्चा वळवला. सॉर्बिटन मोनोस्टिअरेट हे नुसतं सर्फॅक्टंट म्हणून न वापरता तेलात विखुरलेलं घन मेद म्हणून त्यांनी त्याचं प्रमाण बदललं. गाभा घट्ट होत गेला तसं एस्टर सुटणं मंदावलं. लिपिड-गाभ्याच्या नॅनोकॅप्सूल या नावाने ते रूप पुढे रुळलं. औषध धरून ठेवायचं काम त्यात घट्ट गाभा आणि पीसीएलची भिंत दोघं मिळून करतात.

नवं तेलविद्राव्य संयुग हाती आलं तर या प्रकरणावरून मी कामाचा क्रम असा लावेन. आधी त्याची तेल-पाणी पसंती, तीही वापराच्या पीएचला. मग निवडलेल्या तेलात त्याची संपृक्तता, म्हणजे जास्तीत जास्त किती विरघळतं ते, आणि औषधाचं प्रमाण तिच्या बरंच खाली. मग पॉलिमरची फिल्म तेलात. त्यानंतरच ॲसिटोनची बाटली उघडायची. पहिल्याच बॅचसोबत पॉलिमर वगळून बाकी सगळं तेच असलेलं, त्याच आकाराचं इमल्शनही करायचं आणि पुढची प्रत्येक चाचणी दोन्हींवर शेजारीशेजारी घ्यायची: गाळणी, विरळीकरण, चार आठवडे ४० अंशांवर साठवण, स्प्रे-ड्रायर. ज्या चाचणीत दोघांचे आकडे वेगळे येतील, तेवढंच श्रेय भिंतीच्या नावावर लिहायचं.